एकतीस नंबरचे पाकीट

मी, एल्डन पॉल रॉश, वय वर्षे सव्वीस, धंदा पाट्या रंगवणे, राहणार टॉलिव्हर, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, म्हणून येत्या मंगळवारी कोलंबसला माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले की दहातले नऊ जण चालत घरी जातात. मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा त्यांनी नऊच सांगितले. माझे सगळे लक्ष दहाव्याकडे आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. एक गोष्ट लिहू नये असा मात्र दबाव आहे, आणि ती कलम सात व आठमध्ये लिहिली आहे. प्रत्येक शब्द दोनदा तपासला आहे. माझी शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटलेले नाही.

कलम १. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी मेन स्ट्रीटवरचे न्हावी डॉईल प्रुइट यांनी करावी. टपालाचा शिक्का मारलेली पाकिटे जमवणाऱ्या आमच्या पाकीट मंडळात मी सोडून बारा सभासद होते. मला काढून टाकण्यासाठी अकरा जणांनी हात वर केले, डॉईलने केला नाही. नंतर मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "हातात कॉफी होती." मला तेवढे पुरेसे आहे.

कलम २. वडिलांच्या मागे घराचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर झाला. तो मी माझी आई व्हर्ना रॉश हिला देतो. ऑपरेशनचे बिल देऊन बँकेत काही उरले तर तेही तिचे. ह्याला कोणतीही अट नाही. पुढचे कलम नऊ वाचून कुणाला अट आहे असे वाटेल, म्हणून इथेच स्पष्ट करतो: घर वेगळे आणि पाकीट वेगळे. घर तिला दोन्ही परिस्थितींत मिळेल.

कलम ३. शिडी, ब्रश, रंग आणि ठसे कोरायची हत्यारे डॉईलला. शिडी त्याने कुणालाही उसनी द्यावी, बर्डेट लस्कला देऊ नये. लस्क हे आमच्या मंडळाचे चिटणीस. लोखंडी सामानाच्या त्यांच्या दुकानाची पाटी मी एकवीस फूट उंचीवर, जुलैच्या उन्हात, छातीत धडधड होत असताना रंगवली. त्यातल्या एका अक्षराचा उजवा पाय किंचित आखूड आहे. तो मी दुरुस्त करणार होतो. आता करणार नाही, आणि कोणता पाय ते सांगणारही नाही.

कलम ४. माझी पाकिटे, एकूण सहाशे बारा, बुटांच्या अकरा खोक्यांत, तारखेप्रमाणे लावलेली, हीही डॉईलला. हाताळताना त्याने कॉफी दुसऱ्या खोलीत ठेवावी.

हे मृत्युपत्र कोर्टात वाचले जाईल आणि न्यायाधीशांना हा छंद नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. बेसबॉलमध्ये कुणी मोठा टप्पा गाठला, म्हणजे दोनशेवा विजय किंवा तीन हजारावा फटका, की आम्ही डाव्या बाजूला त्याचे चित्र छापलेले पाकीट घेऊन त्याच दिवशी पोस्टात जातो. तिकीट लावतो, त्या तारखेचा शिक्का मारून घेतो आणि पाकीट हातात परत घेतो. ते कुठेही पाठवत नाही. त्याची सगळी किंमत त्या तारखेत असते. तारीख खोटी असेल तर उरते ते मळके पाकीट.

कलम ५. माझे मामा हार्लन झाइगलर यांना मी त्यांचेच भिंग परत देतो.

मी चौदा वर्षांचा असताना मला सांध्यांचा ताप आला आणि दोन वर्षे अंथरुणात गेली. झडप तेव्हाच बिघडली. मामा पेल क्रीकच्या पोस्टात एकटेच कामाला होते. पोस्ट म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक खिडकी आणि चाळीस खणांचे कपाट. ते दर शनिवारी यायचे. त्यांनी मला पहिले पाकीट दिले, हे भिंग दिले, आणि पत्ते अचूक लिहिता यावेत म्हणून जुना शब्दकोश दिला. "पत्ता चुकला की पत्र मेलं," असे म्हणायचे. मी तो शब्दकोश अखेरच्या अक्षरापर्यंत उतरवून काढला. ज्या गोष्टीमुळे मी जगलो ती ह्या माणसाने दिली, हे मी मान्य करतो. मृत्युपत्रात खोटे लिहिता येत नाही. भिंग अजून चांगले आहे. त्यातून त्यांनी स्वतःचे काम नीट बघावे.

कलम ६. बेसबॉलचा गोलंदाज डेल ओर्सबर्न याच्या चित्राचा, मी लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलेला ठसा मामांनीच स्वतःच्या चुलीत जाळावा. त्या लिनोलियमवर मी आडवी खाच मारली आहे. आता त्यातून छापायला गेलो तर ओर्सबर्नच्या तोंडावरून रेघ जाते, त्यामुळे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

कलम ७. ओर्सबर्न पेल क्रीकचा. त्याचे वडील त्याच खाद्याच्या दुकानात पोती उचलायचे. शुक्रवार, ७ सप्टेंबर १९८४ रोजी दुपारच्या सामन्यात त्याने दोनशेवा विजय मिळवला. मी महिनाभर आधी त्याचा चेंडू सोडतानाचा ठसा कोरून पंचाहत्तर पाकिटे छापून ठेवली होती. मामांनी खिडकी सहापर्यंत उघडी ठेवली. रेडिओवर शेवटचा गडी बाद झाला आणि मामांनी शिक्का मारायला घेतला. आमच्याकडे तिकिटे होती चाळीस, म्हणून पाकिटे झाली चाळीस. मी मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ते चाळीस नंबर घातले. उरलेली पस्तीस कोरी पाकिटे मामांच्या खणात राहिली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ होती, आणि त्याबद्दलही माझा त्यांच्यावर राग आहे.

१९८६ च्या एप्रिलमध्ये ओर्सबर्न मासेमारी करताना बुडाला. त्या पाकिटांना एकदम मागणी आली. सप्टेंबरच्या प्रदर्शनात दोन सभासदांनी आपापले पाकीट मांडले आणि दोन्हींच्या मागे नंबर सतरा निघाला. दोन्हींवर तारीख तीच, शिक्का तोच.

ऑक्टोबरमध्ये चर्चच्या तळघरात सभा भरली. लस्कनी विचारले की ठसा कुणाचा, नंबर कुणाचे. दोन्ही माझे. मग मामा उठले. कोरी पाकिटे पोराकडेच होती म्हणाले. पोरगा माझ्या खिडकीमागे बसायचा, शिक्का तिथेच असतो, मी कधी कुलूप लावलं नाही, ती माझी चूक म्हणाले. पोस्टाच्या तपासनिसाला कळवू नका, आजारी मुलगा आहे, घरातल्या घरात मिटवा, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. लोकांना ते फार आवडले. माझ्याकडे बघत कुणीतरी म्हणाले, "असा मामा मिळायला भाग्य लागतं." अकरा हात वर झाले. आई कॉफीच्या पिंपाजवळ उभी होती. तिने त्या दिवशी सभेसाठी सफरचंदाचे दोन केक भाजून आणले होते. मतदानानंतर तिने ते कापून सगळ्यांना वाढले. मलाही वाढला.

महिन्याच्या पत्रकात लस्कनी माझे नाव 'बनावट पाकिटे करणारा' म्हणून छापले आणि माझ्या आडनावाचे स्पेलिंग चुकवले. त्यांना मी मामांचा शब्दकोश देतो. हात वर करणाऱ्या इतर नऊ जणांना प्रत्येकी एक कोरे पाकीट द्यावे. मामांना कोरे पाकीट देऊ नये, त्यांना मिळाले की काय होते ते दिसलेच आहे.

कलम ८. ह्या ऑगस्टमध्ये मी इंडियानापोलिसच्या एका विक्रेत्याच्या यादीतून ओर्सबर्नचे एक पाकीट टपालाने मागवले. नंबर एकतीस. तेव्हापासून ते माझ्या गादीखाली आहे. शिक्का पेल क्रीक, ७ सप्टेंबर १९८४. तिकिटावर झेंडा, मागे खांबांची पांढरी इमारत. पहिले दोन दिवस मलाही काही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी भिंग घेतले. तिकीट बावीस सेंटचे आहे. १९८४ साली तिकीट वीस सेंटचे होते, त्याच्यावरही झेंडा आणि पांढरी इमारतच होती, पण ती इमारत वेगळी. ही बावीस सेंटवाली इमारत मार्च १९८५ मध्ये आली. म्हणजे शिक्का मारला त्या दिवशी हे तिकीट जगात नव्हते. शिक्क्यातले तारखेच्या आकड्यांचे खिळे मागे फिरवून शिक्का नंतर मारला गेला. मारला तो १९८६ च्या उन्हाळ्यात, आणि त्या उन्हाळ्यात मी दहा आठवडे ह्याच झडपेसाठी कोलंबसला पडून होतो. दवाखान्याचा कागद पाकिटाला टाचणी न लावता, वेगळ्या लिफाफ्यात सोबत ठेवला आहे.

मामा इतकी ढोबळ चूक कशी करतील, हे मला कळेना. म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी जेवण झाल्यावर मी पाकीट आणि भिंग आईपुढे ठेवले. तिने भिंग घेतलेही नाही. म्हणाली, "वीस सेंटची संपली होती. माझ्या पर्समध्ये होती ती लावली. झेंडाच आहे की त्याच्यावर पण."

मी विचारले की तू तिथे होतीस का.

"हार्लन म्हणाला, तिकिटं चिकटवायला ये. मला काय माहीत कशासाठी ते."

"आणि सभेत? सभेत माहीत होतं?"

ती ताटे उचलायला लागली. पाठमोरी होऊन म्हणाली, "त्याची नोकरी जाईल, एल्डन. पेन्शन जाईल. तुरुंगातसुद्धा टाकतील. तुझं काय जाणार आहे? एक मंडळ."

मी म्हणालो, "माझं नाव."

"नाव राहतं रे. मी हाक मारते ना रोज."

त्यानंतर ह्या विषयावर आम्ही बोललेलो नाही. तिने माझे ऑपरेशनचे कपडे इस्त्री करून ठेवले आहेत.

कलम ९. पाकीट नंबर एकतीस मी माझ्या आईला देतो, ते पुढील रीतीने.

हे मृत्युपत्र मला पुरण्याआधी वाचावे. शवपेटी उघडी असावी. डॉईलने मंडळाच्या बाराही जणांना बोलवावे आणि मामांना आईशेजारच्या खुर्चीवर बसवावे. कलम चारपर्यंत मोठ्याने वाचून थांबावे. पाच ते आठ ही कलमे डॉईलने तोवर वाचू नयेत. पाकीट आणि भिंग आईच्या हातात द्यावे आणि कुणीही काही बोलू नये. टेबल मोकळे ठेवलेले असावे.

तिला वाटले तर तिने पाकीट टेबलावर ठेवावे आणि तिकीट कुणी लावले, कधी लावले, ते सगळ्यांना सांगावे. मग डॉईलने उरलेली कलमे वाचावीत, आणि पुढच्या महिन्याच्या पत्रकात लस्कनी माझे नाव पुन्हा छापावे. शब्दकोश त्यांच्याजवळ असेलच.

तिला तसे वाटले नाही, तर तिच्याऐवजी दुसऱ्या कुणीही बोलू नये. डॉईल, तूही नाही. मग तिने उठावे, आणि पाकीट स्वतःच्या हाताने माझ्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवावे. तिकिटाची बाजू माझ्या तोंडाकडे. मामांनी झाकण लावावे. उरलेली कलमे डॉईलने जाळावीत. घर तिचेच आहे.

मला कुणी विचारेल की हे आईशी फार निर्दय नाही का. आहे. मी त्यावर तीन आठवडे विचार केला आहे.

कलम १०. मंगळवारनंतर मी घरी चालत आलो तर हे मृत्युपत्र रद्द समजू नये. मी फक्त लांबणीवर पडलो असे समजावे.

कलम ११, तारखेविषयी. हा कागद ज्या पाकिटात घातला आहे त्याच्यावर मी माझाच पत्ता लिहिला, आणि आज सकाळी सव्वाअकराला ते रिकामेच पेल क्रीकच्या खिडकीवर नेले. मामा वर्षभराने मला तिथे बघत होते. दुकानात दुसरे कुणी नव्हते. त्यांनी पाकीट उलटसुलट केले. चित्र नव्हते.

"आज कसला विक्रम आहे?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, अजून झालेला नाही. हातात परत द्या.

त्यांनी शिक्का उचलला. मी म्हणालो, "तारीख बघून मारा, मामा."

त्यांनी शिक्का उलटा करून तारखेचे खिळे वाचले. मग चष्मा पुसला, शाईवर शिक्का दाबला आणि मारला. शिक्का गोल, स्वच्छ आला आहे. "मंगळवारी जायचंय ना तुला," ते म्हणाले. "व्हर्ना म्हणत होती." मी हो म्हणालो. त्यांनी पाकीट खिडकीखालून सरकवले, आणि ते माझ्या हातात येईपर्यंत आपले दुसरे टोक सोडले नाही.

तिकीट बावीस सेंटचे, झेंडा आणि पांढरी इमारत. ह्या तारखेला ते खरे आहे.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोघींच्या देखत सही केली. दोघींनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिले आहे. दोघींना ह्यातून काहीही मिळत नाही.

(सही) एल्डन पॉल रॉश

साक्षीदार:
(सही) ओपल वेंगर, किराणा दुकान, टॉलिव्हर
(सही) लिओना बिक्सलर, वाचनालय, टॉलिव्हर

स्थळ: टॉलिव्हर, ओहायो
शुक्रवार, ६ नोव्हेंबर १९८७. पाकिटावरचा शिक्का पडताळून पाहावा.