शॉवरला जोर आला त्याची हकिकत

ती. वन्संना नमस्कार (कंबर जितकी वाकते तितकं वाकून).

दूध गॅसवर होतं, कपडे बादलीत भिजत होते आणि मी शॉवरखाली उभी राहून केसांतला साबण निघायची वाट पाहत होते. आमचा शॉवर तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या खेपेला त्याच्याखालून बाहेर येऊन तुम्ही म्हणाला होतात, "अगं, ह्यापेक्षा मी रडले असते तर लवकर भिजले असते." तेवढ्यात फोन वाजला. डोक्याला टॉवेल गुंडाळून मी पोचेपर्यंत दूध उतू गेलं होतं आणि पलीकडून तुमचा भाचा विचारत होता, की आई, फोन उचलायला एवढा वेळ का. मी खरं कारण सांगितलं. तिथून सगळं सुरू झालं.

(तब्येतीची चौकशी आधी करायला हवी होती, ती राहिली. गुडघा कसा आहे? चालायला जाता का, की नुसतेच बूट घालून बसता? मी बरी आहे. ह्यांच्या खुर्चीत अजून बसत नाही, पण हल्ली वाळलेले कपडे तिच्यावर ठेवते. एवढी प्रगती आहे.)

तर तुमचा भाचा म्हणाला, "त्या घरात धड आंघोळही होत नाही तर राहतेस कशाला? आमच्याकडे ये कायमची." मी म्हटलं, आंघोळीचं काय, दुरुस्त करून घेते. तो म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या रविवारी येतो, शॉवर बघतो, नाहीतर तुझी बॅग घेऊन जातो." मुलगा गुणी आहे, वन्सं, माया करतो, पण निम्मा हट्ट तुमच्या घराण्याचा आहे. त्याच्या घरी मला काही कमी नाही. फक्त मला दिलेल्या खोलीत ती जागच्या जागी चालवायची सायकल आहे, आणि रोज पहाटे तुमचा भाचा ती चालवायला येतो. माणूस घाम गाळत कुठेच जात नाही हे उठल्याउठल्या बघणं मला जड जातं. शिवाय हे घर माझं आहे. कुठला स्विच कुठे आहे हे माझ्या हाताला पाठ आहे. तेव्हा शॉवर सुधारायचाच, असं मी ठरवलं.

आधी दुकानात गेले. दुकानदाराने जेवणाच्या ताटाएवढा शॉवर काढून दाखवला आणि म्हणाला, "काकू, हा लावा, पावसात उभं राहिल्यासारखं वाटेल." नळवाल्याने येऊन तो बसवला. पावसासारखं वाटलं हे खरं, पण पाऊस थांबल्यावर पत्र्याच्या कडेने जे ठिबकतं तसं. मध्ये उभं राहिलं तर मी कोरडी राहत होते.

मग मी वाचनालयात जाऊन पाण्याच्या दाबावरचं पुस्तक आणलं (लहान मुलांच्या कपाटातलं, पण चित्रं फार समजूतदार होती). टाकी जितकी उंच तितका दाब जास्त, असं त्यात होतं. गवंड्याला बोलावून गच्चीवरची टाकी विटांच्या चौथऱ्यावर चढवली. पुस्तक अगदी खरं निघालं. स्वयंपाकघरातला नळ उघडला तर पाण्याने हातातली डाव सुटून खिडकीवर आपटली. कपडे धुवायच्या मशीनची नळी निसटून नागासारखी नाचली आणि मी शेजारीणबाईंना हाक मारेपर्यंत दोन खोल्या धुऊन निघाल्या. घरात जिथे म्हणून पाणी येतं तिथे जोर आला, एक शॉवर सोडून. नळवाल्याने त्याच्या सांध्यांना पांढरी टेप गुंडाळून गुंडाळून पार प्लास्टर घातलेल्या हातासारखं केलं आणि सांगितलं, "काकू, तुमच्या पाण्यातच दम नाही." त्याच वेळी स्वयंपाकघर पुसत होतो आम्ही.

रविवार उजाडला. तुमचा भाचा सूनबाईला घेऊन आला, त्याने शॉवर सोडला, वर बघत उभा राहिला आणि माझी बॅग माळ्यावरून काढायला गेला.

आता सूनबाईंबद्दल लिहिते. ती दातांची डॉक्टर आहे म्हणून तिला बाकी काही यायचं कारण नाही, असं मी इतके दिवस मनात धरून होते. ती म्हणाली, "थांबा हो, बॅग नंतर काढा," आणि गाडीतून तिची पेटी घेऊन आली. कपाळाला दिवा बांधला, स्टुलावर चढली, भिंतीतून येणारा तो वाकडा पाइप फिरवून काढला (शॉवर बदलला होता, पाइप जुनाच होता) आणि छोटा आरसा आत घालून बघू लागली. पाइपला आ करा म्हणायचीच बाकी होती. "आई, आत काहीतरी बसवलंय," ती म्हणाली, आणि चिमट्याने अलगद ओढून तिने माझ्या तळहातावर एक निळी रबरी चकती ठेवली. मधोमध बारीक भोक. वन्सं, इतक्या हळुवार हाताची मुलगी आपल्या घरात आहे, ह्याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

चकती मी लगेच ओळखली. माझ्या निळ्या स्लिपरची टाच होती ती. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या स्लिपरला टाचेपाशी गोल भोक पडलेलं मला दिसलं होतं आणि मी शेजारच्या कुत्र्याला नाही नाही ते बोलले होते. बिचारं वारलं. पण इतकं गोल कुत्रा कुठून कुरतडणार? घड्याळं दुरुस्त करणाऱ्या ह्यांच्याच हातचं ते काम.

माझा खांदा निखळला होता ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा शॉवरखालून कळवळत बाहेर येऊन मी ह्यांना म्हटलं होतं, हे पाणी आहे की मार? दुसऱ्या दिवसापासून पाणी मऊ झालं. मला वाटलं, पुरवठा कमी झाला. हेही म्हणाले, "हो, हल्ली कमीच येतं." खांदा बरा झाल्यावर चकती काढायची ते विसरले असतील, असं सूनबाई म्हणते. पण दर थंडीत ते मला विचारायचे, खांदा ठणकतो का. आणि मी म्हणायचे, ठणकतो थोडा. विसरणारा माणूस दर वर्षी विचारत नाही.

आणि स्वतः त्याच धारेखाली उभे राहायचे, इतकी वर्षं. "बाथरूममध्ये झोपतोस का रे?" म्हणून तुम्ही त्यांना चिडवायचात, मीही हसायचे.

सूनबाईने पाइप परत लावला आणि शॉवर सोडला. समोरच्या भिंतीवरची साबणदाणी खाली आली. तुमचा भाचा खाली उभा होता, तो कपड्यांसकट भिजला आणि लहानपणी हसायचा तसा हसला. बॅग त्याने स्वतःच्या हाताने माळ्यावर ठेवली. जेवून दोघं संध्याकाळी गेली. निघताना, पाइप काढायचा कसा आणि लावायचा कसा, हे सूनबाईने मला नीट दाखवून ठेवलं. मी विचारलं नव्हतं.

गुडघ्याला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमचा भाचा तुम्हाला फोन करून विचारेल, की आत्या, आईचा शॉवर कसा चाललाय. त्याला सांगा, जोरदार. हे पत्र त्यासाठीच लिहिलं आहे. तुमचं तो ऐकतो. आणि यात खोटं काही नाही, रविवारी त्याला जोर होताच.

ता. क. २ तुम्ही राहायला या, आल्या दिवशी तुमच्यासाठी जोर करून देईन. दुसऱ्या दिवशीचं म्हणाल तर, सोमवारी सकाळी मी दूध उतरवलं, कपडे भिजवले, स्टुलावर चढले आणि चकती होती तिथे परत बसवली. मग सावकाश आंघोळ केली.