मैदानावरचा हर्रास

प्रिय देवानंद,

लावून राहिली बाप्पा, रोज तेल लावून राहिली आचलच्या पायाले! तू विचारलं नाही, तरी सांगून टाकते, नाहीतर उद्या म्हणशीन, मायनं नातीकडे पाह्यलं नाही. फोन कावून करत नाही, तं फोनवर तू अर्धं आईकतं अन् माह्या मंधात बोलतं. कागदाले तुह्यानं मंधात तोडता येत नाही. इकडे नांदगाव पेठेत सारं बरं आहे. वांगे निंघाले. आचल माह्यासंगं मेथीच्या जुड्या बांधते.

त्या दिवशी आचलच्या सामन्याले अमरावतीच्या मैदानावर मीबी होती. तुले दिसली नाही, तुले काहीच दिसत नव्हतं. खो-खोतलं मले समजत नाही म्हणतं तू. एवढं समजते का बसलेल्या पोरीच्या पाठीले हात लागला अन् मांगून खो आईकू आला, तवाच तिनं उठाचं. पयले नाही. तुहा आवाज म्हणजे हर्रासचा आवाज. बजारात वांग्याच्या ढिगाची बोली पुकारतं तं पार फाटकावर आईकू जाते. तोच आवाज घेऊन तू रेघेवर उभा. खो दे, आरे खो, खो! अन् ती करिश्मा बिचारी, पाठीले कोणाचा हात लागाच्या आंधीच उठली. तुह्याच खोवर उठली! शिट्टी वाजली, समोरची पोट्टी निसटली, अन् तू वरून म्हणतं, या ढबीले कोणं घेतलं टीममंदी?

मंग तिची माय उठली, माह्या पोरीले ढबी म्हणतं का रे म्हणून. तुनं बाही वर केली. तिकडून अजून बाप लोकं धावले. गीतांजली मॅडम, लेकरं शिकवाची बाई, तुमच्या मंधात हात जोडून उभी. पोट्ट्या आपापल्या चौकोनात तशाच बसून. एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. आचलचं तिकडे होतं. तिनं मान वळवली नाही. मी पाहून राहिली होती, वळवलीच नाही. त्याच्यानंतर खो भेटला तरी तिले उठाले उशीर होये. कोणाचा आवाज धरावा, तिले समजेना. हरल्या. अन् तू रस्ताभर गाडीवर बडबडत गेला, करिश्मानं हरवलं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी पाय दुखते म्हणून पोट्टी माह्याकडे आली. येता येता मॅडमले सांगून आली, माहं नाव काढा. एक सामना हरल्या तरी अजून बाहेर नाही पडल्या, रविवारी अकोल्याले शेवटचा आहे, जिंकल्या तं पुढे राज्यावर जातीन. रात्रंदिवस धावली ती याच्यासाठी, तुलेबी मालूम आहे.

आता आईक. पोट्टी सकाळी डाव्या पायानं लंगडते अन् सांजच्याले उजव्या. तेलाची वाटी खाली ठेवली म्या, अन् धरलं दंडाले. रडली मंग. पाय चांगला आहे म्हणे. मी खेळली नाही तं बाबा येणार नाही, बाबा आले नाही तं करिश्मा तरी नीट खेळीन. अन् पोट्ट्या बाबाले भोंगा म्हणतात, ते आईकवत नाही म्हणे, आजी. तुह्यावर राग नाही तिचा. राग असता तं बरं झालं असतं.

म्हणून लिवून राहिली. रविवारी आचल खेळते. नाव राहू द्या म्हणून मॅडमले सांगतलं म्या. एसटीनं मी जाते तिच्यासंगं. तू येऊ नको. भिंतीमांगं लपूनबी नको, तुह्यानं चूप राहवत नाही. बजारात जाय, तिथी पुकार पोटभर. सांजच्याले पोट्टी घरी आली का ताट वाढ. काय झालं, कसं झालं, विचारू नको. पाय कसा आहे, तेबी विचारू नको. याच्यावर मी आता एक शब्द बोलत नाही. फोन केला तरी नाही.

तुहीच,
माय