उतरणीकडचं दार

तीर्थरूप अप्पा, शरणु.

तुम्ही गेल्याला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज बसलोय तो तक्रार करायला.

घर ठीक आहे. हुमनाबादेत नव्या घरांवर पत्रे चढलेत, दुपारी आत बसवत नाही. आपल्या मातीच्या माळवदाखाली आई खुशाल झोपते. पावसाचं पाणी हौदात उतरतं, होळीपर्यंत पुरतं. ही अक्कल तुमचीच.

पोलिस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी टेकडीच्या उतारावर तुम्ही राखेनं रेघा ओढल्यात, आठवतं? आईची खोली चुलीजवळ, पायरीशिवाय. धाकट्या शिवाची पोरं वरच्या अंगाला. तिथलाच तांबडा दगड काढलात आणि वर्षभर उन्हावाऱ्यात ठेवलात! ताजा दगड मऊ असतो, वाऱ्यानं घट्ट होतो, म्हणालात. मी किती चिडलो होतो! चूक माझी होती. तेव्हाच कबूल करायला हवं होतं.

"तीन पिढ्या, एक चूल, एक दार," असं तुम्हीच येईल त्याला ऐकवायचात ना?

म्हणून शिवानं वेगळी चूल मागितली, उतरणीकडून स्वतःचं दार मागितलं, तेव्हा मी साफ नाही म्हणालो. भिंत फोडली तर माळवद खाली येईल, असं सांगितलं.

"मग मी बायकापोरं घिऊन उदगीरला जायलोय, अण्णा," तो म्हणाला.

मी म्हणालो, जा. खरं सांगतो, माळवदाचं नुसतं निमित्त होतं.

आज आईनं कुणाला न विचारता मौलामिस्त्रीला बोलावलं. घर बांधलं त्यानंच, भिंतही तोच जाणतो. त्यानं उतरणीकडचा गिलावा खरवडला. आत दारावर असते तसली लांब सागवानी तुळई! खालचे दगड चुन्याविना नुसते मातीत बसवलेले; काढले तरी माळवद तुळईवर राहील.

"हे आधी कामून सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

"अप्पांनीच ठिवायला लावलं, मालक. शिवा दार मागंल तवा दाखव म्हणले. थोरल्याला सांगू नको, त्यो चुन्यानं बुजवून टाकंल."

अप्पा, मिस्त्रीवर भरवसा आणि पोटच्या पोरावर नाही? फार राग आला. मग स्वतःलाच विचारलं, बुजवलं असतं का? असतं.

शिवाची गाडी भरून उभी आहे. उद्या सकाळी ती मी स्वतः रिकामी करीन, आणि त्या भिंतीतला पहिला दगड माझ्या हातानं काढीन.

तुमचा थोरला,
मल्लिकार्जुन