शबानाचा रोजा आणि ते चॉकलेट

अंबरनाथ, २१ फेब्रुवारी १९९४

शेजारच्या युसुफभाईंच्या शबानाचा आज पहिला रोजा. कॅम्प तीनच्या बाजारातून फॉरेनची दोन चॉकलेटं आणली होती, एक सकाळीच तिला दिलं. दुसरं मी डब्यानंतर खाल्लं. त्याचा कागद वाचून आमच्या कंपनीतले केमिस्ट म्हणाले, "यात ई ४७१ आहे. ते तेलापासून बनतं, जनावरांच्या चरबीपासूनही. यातलं कुठलं, ते लिहिलेलं नाही."

रोजा सुटायच्या आत पोचेन ना? कंपनी सुटताच धावत त्यांच्याकडे गेलो. चॉकलेट खजुराशेजारीच ठेवलेलं. सगळं सांगितलं.

"बरं झालं बोललात, दादा. शक असेल तर नकोच," युसुफभाई म्हणाले.

शबानाने चॉकलेट परत दिलं. मग म्हणाली, "काका, मग तुम्हाला चालतं?"

मी माळकरी माणूस. दुपारपासून काळजी केली ती फक्त तिच्या रोज्याची.