सुकं असेल तोवर खत

आई,

ते पाणी मारायचं मशीन मी काल शेडवरून उचलून आणलं. आता ते मारतहळ्ळीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली पडलं आहे. पाइप दोनदा साबणाने धुतला, तरी डुकरांचा वास काही जात नाही. तू गेल्यावर आपलं डुकरांचं शेड मी विजापूरकडच्या एकाला भाड्याने दिलं, आणि खरं सांगते, त्यानंतर तिकडे फारशी फिरकले नाही. ऑफिस बेळ्ळंदूरला, घर इथे, शेड म्हटलं तर तासाभराच्या वाटेवर, पण ट्रॅफिकचं निमित्त या गावात कायम हाताशी असतं. परवा अक्कांचा फोन आला. आपल्या शेडच्या खालच्या अंगाला ज्यांचा मळा आहे, त्या अक्का. म्हणाल्या, "बाळ, विहीर परत वास मारायला लागली बघ. येऊन जा स्वल्प." तो 'परत' शब्द ऐकला आणि मी दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकली.

तू शेड कसं राखायचीस, ते मला अजून डोळे मिटूनही दिसतं. पहाटे उठून आधी फावडं. पाण्याचा थेंब पडायच्या आत सगळी जमीन कोरडी खरवडून घ्यायची, निघालेलं सगळं घमेल्याने उचलून पत्र्याखालच्या ढिगावर टाकायचं, वर लाकडाचा भुसा नाहीतर नारळाचा काथ्या पसरायचा. मग कुठे बादलीभर पाणी, तेही हात आखडून. ते पाणी सिमेंटच्या खड्ड्यात जायचं आणि तिथून गवताला. पावसाची चिन्हं असली की गवताला सोडणंही बंद, कारण भिजलेली जमीन आणखी पिणार नाही आणि सगळं तळ्याकडे पळेल, असं तुझं म्हणणं. मग अंघोळ, मग स्वयंपाकघर. तुझ्या हातची भाकरी खाताना मी लहानपणी हळूच हात हुंगून बघायची. तुला ते दिसायचं. दुसऱ्या दिवशी तू लिंबाची साल हाताला आणखी जोरात घासायचीस.

आणि तो मार आठवतो? मी सहावी-सातवीत असेन. तू इंदिरानगरच्या हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न आणायला टेम्पोबरोबर गेली होतीस. तुला खूश करायचं म्हणून मी नळी लावली आणि सगळं शेड आरशासारखं लख्ख धुऊन काढलं. शाबासकीची वाट बघत दारात उभी. तू आलीस, बघितलंस, आणि पाठीत धपाटा घातलास. मग माझा दंड धरून ओहोळाच्या काठाने चालवत नेलंस, अक्कांच्या मळ्याच्या कडेने पार तळ्यापर्यंत. पाणी काळपट, वर फेस, आणि काठाला दोन-चार लहान मासे उलटे पडलेले. "बघ, तुझं लख्ख शेड इथं आलंय," तू म्हणालीस. "सुकं असेल तोवर ते खत. पाणी लागलं की घाण. आणि घाण आपल्या दारात थांबत नाही, उताराला ज्याचं घर असेल त्याच्याकडं जाते." मी रडत होते. तू रडू दिलंस. रात्री मात्र माझ्या ताटात गूळ-तुपाची भाकरी होती.

एवढं शिकवूनही मी पुढे काय केलं? नोकरी लागल्यावर तुला मशीन आणून दिलं. चांगल्या कंपनीचं, जोरात पाणी मारणारं. "तुझी पाठ दुखते ना, आता खरवडायचं नाही," असं मी मोठ्या मायेने म्हणाले आणि शेजारीपाजारीही लेकीचं कौतुक करून गेले. पाठीचं खरंच होतं, खोटं नव्हतं. पण त्या महिन्यात पुण्याची मंडळी मला बघायला येणार होती, आणि मला शेड वासाशिवाय हवं होतं. तुला फावडं-घमेलं घेऊन वाकलेली त्यांनी बघू नये, असं मला वाटत होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असणारच. पाहुणे येऊन गेल्यावर तू मशीन पोत्याखाली झाकून ठेवू शकली असतीस. पण मी दर रविवारी यायचे आणि आल्याआल्या विचारायचे, "वापरतेस ना?" मग तू वापरत राहिलीस. लेकीचं मन मोडू नये म्हणून आयुष्यभराची रीत मोडलीस.

पाणी वाढलं तसा खड्डा भरायला लागला. ढीग उरलाच नाही, नुसता रबडा. फुलांची शेती करणारे खत न्यायला ट्रॅक्टर घेऊन यायचे, ते आले, काठी घालून बघितली आणि हात हलवत परत गेले. पातळ माल ट्रॉलीत भरणार कसा? तू मला एकदा फोनवर म्हणालीस, "खड्डा जरा लवकर भरतोय गं." मी मीटिंगमध्ये होते. म्हणाले, "मोठा करून घे ना." एवढाच माझा सल्ला. मी इंजिनिअर, बरं का. मग त्या पावसात खड्ड्याभोवतीचा मातीचा बांध फुटला आणि सगळं अक्कांच्या विहिरीत उतरलं.

रविवारी मी आले तेव्हा तू विहिरीच्या कठड्यापाशी उभी होतीस आणि अक्का कडाडत होत्या. पिण्याचं पाणी तेच, मळ्याचं पाणी तेच. अक्कांनी विचारलं, इतक्या वर्षांत कधी झालं नाही ते आजच कसं झालं? तू हात जोडलेस. "चूक माझी, अक्का. म्हातारपणी हौस आली, लेकीकडून मशीन मागवून घेतलं." मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझं मनगट घट्ट धरलंस. विहीर दोनदा उपसली, तरी कोणी तोंडाला पाणी लावेना. त्यानंतर रोज सकाळी आपल्या बोअरच्या पाण्याची घागर कमरेवर घेऊन तू अक्कांच्या दारात जायचीस. आजारी पडेपर्यंत. मशीन मी परत न्यायला हवं होतं. तेही राहिलं. तू पोत्याखाली झाकलंस आणि पुन्हा फावडं घेतलंस.

भाडेकरूला ते पोत्याखालीच सापडलं. काल मी पोचले तर तो शेडमध्ये पाणी मारत होता. मला बघून खूश झाला. "मॅडम, तुमच्या आईंचं मशीन अजून एक नंबर चालतंय!" खड्डा काठोकाठ, त्यात पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणीही थेट त्याच खड्ड्यात. पन्हळ कधीच गळून पडलेली. मी त्याला तुझंच ऐकवलं, सुकं असेल तोवर खत. तो म्हणाला, "सरी मॅडम, बरोबर आहे, पण खरवडायला माणूस मिळत नाही." मी म्हणाले, माझी सुट्टी आहे. आणि पँट दुमडून फावडं घेतलं. आई, अर्ध्या तासात कंबर धरली. तू हे रोज करायचीस आणि वर मला डबा द्यायचीस. दुपारपर्यंत नवी पन्हळ लावणारा माणूस बोलावला, बांधावर मातीची पोती रचून घेतली, खड्डा उपसायला सांगितला, ते पाणी पाऊस उघडल्यावरच आणि वरच्या शेतात सोडायचं हेही बजावलं. मशीन गाडीच्या डिकीत टाकलं. भाडेकरूला सांगितलं, दुरुस्तीला नेतेय.

मग अक्कांकडे गेले. त्या आता खूप वाकल्यात. पोहऱ्याने पाणी काढून माझ्या नाकाशी धरलं. मागच्या वेळेइतकं वाईट नाही, वेळेवर थांबलंय असं वाटतं. पण या वर्षीच कुठे त्यांनी त्या पाण्यावर पुन्हा भाजी लावली होती. मी माफी मागितली, भाडेकरूच्या वतीने. त्या ओरडल्या नाहीत. "त्याला काय माहीत, नवा माणूस," म्हणाल्या. कॉफी केली, निघताना हातात शेपूची जुडी ठेवली. मग पायरीवर टेकून म्हणाल्या, "तुझी आई सोन्यासारखी बाई. सगळं कसं चोख. पण शेवटी त्या मशीनची हौस कुठून आली तिला, देव जाणे. तेवढी एकच चूक केली बघ. मी फार बोलले तिला त्या दिवशी."

माझ्या जिभेवर होतं. ती हौस माझी होती, अक्का. तिला ते मशीन नको होतं. एवढंच तर बोलायचं होतं. मी शेपू पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि म्हणाले, "हो ना अक्का. हौस होती तिला."

शेपू फ्रिजमध्ये तशीच आहे, निवडायला हात होत नाही. हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता येतंय. ज्यांना सांगायला हवं त्या अक्कांचा नंबर फोनमध्ये आहे, सकाळपासून तीनदा काढून बघितला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की त्या दिवशी तू माझं मनगट धरलं होतंस म्हणून मी बोलले नाही. काल मला कोणी धरलं नव्हतं.