माझा छंद, शिट्टी वाजवणे

बाबा, परवा एका जपानी बाईंनी मला विचारलं, तुमचा छंद काय, आणि ज्यासाठी तुम्ही मला लहानपणभर रागावलात तेच मी सांगून बसले. हे तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना, म्हणून ड्युटीवरून आले आणि चहासुद्धा न घेता लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे थोडं मागचं सांगावं लागेल. तुमची लेक आता अकोल्यातच एका दवाखान्यात नर्स आहे आणि जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला जायचं तिने मनावर घेतलं आहे. त्यासाठी वर्षभर दर रविवारी अमरावतीला जपानी शिकायला जाते. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इंग्रजी तं धड येत नाही तुले, आन जपानी शिकून राहिली!" आता तीच रोज सकाळी शेजारणींना जपानीत नमस्कार घालते.

नाव, गाव, घरात माणसं किती, हे सगळं आम्ही पटापट शिकलो. गाडी अडली ती छंदावर. सर एकेकाला उभं करून विचारायचे, "गोशुमी वा नान देसु का?" म्हणजे, आपला छंद काय? वर्गात आम्ही अकरा जण, त्यातल्या आठ जणांचा छंद एकच निघाला, वाचन. परतवाड्याच्या एकाने झोप सांगितली, तोच काय तो प्रामाणिक. मीही वाचनच पाठ करून गेले होते. सरांनी लगेच विचारलं, शेवटचं काय वाचलं? माझ्या तोंडून निघालं, डॉक्टरांचं अक्षर. सगळा वर्ग हसला, सर मात्र हसले नाहीत. "म्याडम, मुलाखतीत हेच इचारतीन," ते म्हणाले. "तिथल्या म्हाताऱ्या माणसाईसंग दिवसभर बसाचं हाये तुमाले. त्याईच्यासंग चार गोष्टी करता येतीन का नाही, हे पाहून राहिले ते लोक. पाठ केलेलं सांगसान तं नोकरी गेलीच समजा. जे खरंच आवडते ते सांगा ना."

बत्तिसावं लागलं, बाबा, आणि मला काय आवडतं हे आजवर कोणी मराठीतसुद्धा विचारलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी डोकं खाजवत बसले. स्वयंपाक करावा लागतो म्हणून करते. टीव्ही आई बघते, मी समोर बसून डुलक्या घेते. भरतकाम सांगावं तर टाक्यांपलीकडे सुईचा आणि माझा संबंध नाही, आणि तेही टाके माणसांचे. एवढ्यात मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी मागे घ्यायला कंडक्टरने शिट्टी वाजवली आणि मी खिडकीशी बसून एकटीच हसायला लागले. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

आठवतं ना? जुन्या शहरातल्या आपल्या दोन खोल्यांत मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, गणितं सोडवताना सुद्धा ओठांनी शिट्टी वाजवायची. शेजारचे बकऱ्यांवाले काका वाजवायचे, त्यांचं ऐकून आपोआप शिकले होते. तुम्ही एसटीतली कंडक्टरची ड्युटी संपवून यायचात, चामड्याची बॅग खुंटीला अडकवायचात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काहून व, तिन्हीसांजेले शिट्टी वाजवून साप बोलावून राहिली का?" तुम्ही तर दिवसभर वाजवता, मी म्हणायची. "माही नोकरी हाये थे. तुही काय हाये?"

आणि मग ती धारणीची गाडी. मी दहा वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी, तुम्ही हट्टाला कंटाळून मला सोबत नेलेलं. घाटात ऐन वळणावर समोरून लाकडं भरलेला ट्रक येतो. त्याला मागे जाता येत नाही, म्हणजे आपल्यालाच जावं लागणार, आणि एका अंगाला दरी. तुम्ही खाली उतरता, मी तुमच्या मागोमाग. तुम्ही शर्टाचा खिसा चाचपता, पँटचे चाचपता, बॅग उलटी करता. शिट्टी नाही. ओठांनी वाजवायला जाता तर नुसती हवा, कारण पुढचा दात त्याच आठवड्यात काढलेला. ओरडता, पण इंजिनापुढे ड्रायव्हरकाकांना काही ऐकू जात नाही. मग तुम्ही माझ्याकडे बघता. "काय पाहून राहिली? वाजव!" छोट्या छोट्या म्हणजे येऊ द्या, एक लांबलचक म्हणजे थांब, हे मला केव्हाचं पाठ होतं. तुम्ही हात केलात, मी वाजवत गेले, गाडी वीत वीत मागे आली, आणि ट्रक आपल्याला घासत निघून गेला. खिडकीतून एका आजीने विचारलं, "कोनाची पोरगी हाये व हे?" तुम्ही अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालात, "माही!" धारणीला मला भजी घेऊन दिलीत आणि बजावलंत, "घरी मायले सांगू नको." जेवायला बसल्यावर तुम्हीच पहिल्या घासाला सगळं सांगून टाकलंत. दुसऱ्या दिवसापासून साप पुन्हा चालू.

तर परवा मुलाखतीला लॅपटॉपसमोर मी घसा साफ केला आणि म्हणाले, "शुमी वा कुचिबुए देसु." कुचिबुए म्हणजे ओठांनी वाजवायची शिट्टी. बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, वाजवून दाखवा. ओठ पार कोरडे पडले होते. दोनदा तुमच्यासारखी हवाच निघाली, मग जमलं. छोट्या छोट्या, आणि शेवटी एक लांबलचक. मग घाट, ट्रक, बाबा, दात, असं तुटकतुटक जपानीत सगळं सांगितलं. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. आणि मग बोट उगारून म्हणाल्या, पण रात्री वाजवू नका हं, साप येतो! त्यांच्याकडेही वडीलधारी माणसं हेच म्हणतात म्हणे. तुमचं वाक्य, तुमचाच रागावण्याचा सूर, आणि तोही जपानीत! मला हसूही आवरेना आणि रडूही. काल निरोप आला, माझी निवड झाली. एप्रिलमध्ये जायचं आहे. बाबा, मी खूप खूश आहे.

हा कागद जपानीच्या वहीतच राहील, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. बाईंनी विचारलं होतं, वडील शिट्टी घरी विसरले होते का? मी हो म्हणाले. आई आजही तुमच्या विसराळूपणाचा हाच दाखला देते, आणि तुम्ही तर त्यानंतर शिट्टी दोरीने गळ्यात बांधून फिरायचात. तुम्ही विसरला नव्हतात, बाबा. एकदा तरी खरी शिट्टी वाजवून बघायची म्हणून सकाळी मीच ती तुमच्या बॅगेतून काढली होती, आणि घरी आल्यावर मीच खाटेखाली टाकली. घाटात तुम्ही "वाजव" म्हणालात तेव्हा ती माझ्या फ्रॉकच्या खिशात होती, आणि तुम्ही रागवाल म्हणून मी वरून हात दाबून धरला होता.