तुझा जबाब घ्यायला येतील

उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन
११ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. मीनल हीस,

सप्रेम आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. नाशिकला यंदा थंडी फार आहे म्हणतात. चिमीला कानटोपी घातल्याशिवाय शाळेत पाठवू नकोस, तिचे कान लगेच दुखतात.

पत्ता पाहून दचकली असशील. मी सध्या अंबरनाथला नाही. आपल्या खालच्या मजल्यावरच्या पोपटीभाभीची आई इथे एकटीच राहते, तिच्याकडे आहे. म्हातारीला मराठी येत नाही, मला सिंधी येत नाही, पण दोघींचं बरं चाललंय. सकाळी ती मला कडक चहा करून देते आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते, रात्रीसुद्धा. दुपारी आजूबाजूच्या बायका पापड लाटायला जमतात. मी गच्चीवर बसून वाळत घातलेले पापड उलटते. एका हाताने तेवढंच जमतं. डावा हात प्लास्टरमध्ये आहे. मोरीत पाय घसरला.

मोरीत पाय घसरला असं लिहून गेले, ते खोडत नाही. शरदने सगळ्यांना तेच सांगितलंय आणि ऐकून ऐकून माझ्याही तोंडात बसलंय. पाय घसरला नाही. तुझ्या दादाने, शरदने माझा हात पिरगळला.

अर्धांगाच्या त्या झटक्यानंतर माझा डावा पाय ओढतो, हे तुला माहीत आहे. रात्री अंथरूण ओलं होतं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. शरदला लहानपणापासून सगळं टापटीप लागतं. सुरुवातीला नुसता चिडायचा. मग दिवे लागले की मला पाणी देणं बंद केलं. स्वयंपाकघराला कुलूप लावायला लागले. तुझ्या वहिनीला, मालिनीला मी म्हटलं, "अगं, घोटभर तरी दे." ती म्हणाली, "तुम्ही आणि तुमचा मुलगा, मी मध्ये पडत नाही." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. घशाला कोरड पडली की जीभ टाळूला चिकटते, मीनल. माणूस मग लाज सोडतो. मी संध्याकाळी जिना उतरून पोपटीकडे पाणी प्यायला जायला लागले. शरदला कळलं तेव्हा त्याने पहिल्यांदा मला मारलं.

पहिल्यांदा म्हणजे बाहेर कळलं ते पहिल्यांदा.

पोपटीने गाल बघितला आणि रिक्षा बोलावली. "मौसी, चलो. मैं बोलती हूँ उनसे." तुझे बाबा असते तर आमच्या घरातली बाई चौकीची पायरी चढली म्हणून त्यांनी अन्न सोडलं असतं. पण ते नाहीत, आणि मी चढले.

फौजदार तरुण होता, चांगल्या घरचा. मला खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "लिहून घ्या." तो म्हणाला, "आई, लिहिलं की मुलगा तुटतो. उद्या तुम्हाला जेवायला कोण घालणार, पोलीस?" मग त्याने शरदला कंपनीतून बोलावून घेतलं. चार शब्द खडसावलं. मग म्हणाला, "पाया पडा आईच्या."

शरद वाकला. सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. हवालदार हसले, फौजदाराच्या चेहऱ्यावर समाधान आलं, कारण एक घर त्याने वाचवलं होतं. मीही शरदच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? जाताना फौजदार त्याला म्हणाला, "शरदराव, म्हातारं माणूस आहे, सांभाळून घ्या." त्या दिवसापासून पाणी दुपारनंतरच बंद झालं, आणि बाहेरच्या दाराला कडी लागायला लागली.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मी मोरीत गेले होते. बादलीत बोटभर पाणी होतं. ते ओंजळीने पीत असताना शरद मागे येऊन उभा राहिला. तो ओरडलाही नाही. "शोभतं का आई हे तुला?" म्हणाला आणि माझं मनगट धरून मला बाहेर ओढलं. मी नळ धरून ठेवला होता. त्याने पिरगळलं. हाडाचा आवाज मी ऐकला, त्यानेही ऐकला. मग तो आत जाऊन कपडे करून कामावर गेला. सेकंड शिफ्ट होती. त्या गडबडीत कडी लावायची राहिली.

मी आणि पोपटी पुन्हा चौकीवर गेलो. तोच फौजदार. या वेळी त्याने चहा मागवला नाही. माझ्या हाताकडे बघितलं आणि मग नजर फिरवून म्हणाला, "आई, मागच्या खेपेनंतर मी तुमच्या मुलीशी फोनवर बोललो होतो. त्या नोकरी करतात त्या बँकेचा नंबर शरदरावांनीच दिला होता."

मी म्हटलं, "मग? तिने सांगितलं ना?"

मला खरंच तसं वाटलं, मीनल. मला वाटलं, आता सुटले.

तो म्हणाला, "त्या म्हणाल्या, आईला हल्ली भास होतात. झटक्यानंतर डोक्यावर परिणाम झालाय. दादा तिचं खूप करतो. आई, पोटची मुलगी खोटं कशाला बोलेल?"

पोपटी त्याच्याशी भांडत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. हाताची कळ थांबल्यासारखी झाली. मग कळलं की शरद महिनाभर मला "वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकीन" का म्हणत होता. त्याला तू कागद दिला नव्हतास, पण शब्द दिला होतास.

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. घरी जा म्हणाले, गेले नाही. पोपटी म्हणाली, "हाथ देखो साहब, हाथ को भी भास हुआ क्या?" शेवटी वैतागून त्याने चिठ्ठी दिली आणि हवालदाराबरोबर दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, "कसं झालं?" मी सांगितलं. त्यांनी मी सांगितलं तसंच लिहिलं. तो कागद पाहून फौजदार म्हणाला, "हाड मोडलंय म्हणजे आता तक्रार घ्यावीच लागेल." मनापासून म्हणाला नाही, पण घेतली. शरदला एक रात्र आत ठेवलं, मग जामीन झाला. मालिनी इथे येऊन गेली, दारातूनच म्हणाली, "घराण्याची अब्रू घालवलीत."

भाऊबीजेला तू आली होतीस. जेवताना मी पाण्याचा पेला उचलला आणि शरदने तो माझ्या हातून काढून घेतला. मी पुन्हा हात पुढे केला तेव्हा त्याने हातावर फटका मारला, जोरात. तू समोर बसली होतीस. तू पानातल्या जिलबीकडे बघितलंस. संध्याकाळी त्याला ओवाळलंस. मी तेव्हा मनाशी म्हटलं, माहेर तुटेल म्हणून गप्प बसली असेल पोर. गप्प बसणं मी समजू शकले. बोललीस, ते समजत नाही.

म्हणजे, समजतं. दोन खोल्या, सासू-सासरे, चिमी. शरद नको म्हणाला तर ही आपल्या गळ्यात पडेल, अशी तुला भीती वाटली. तू मला सरळ म्हणाली असतीस, "आई, माझ्याकडे जागा नाही," तर मी वाईट वाटून घेतलं नसतं. जागा नसते माणसाकडे. पण माझी जागा करावी लागू नये म्हणून तू मला वेडी ठरवलंस.

फौजदार परवा इथे येऊन गेला. तुझा जबाब घ्यायला ते नाशिकला येतील. फोनवरचं चालत नाही, सही लागते. काय सांगायचं हे मी तुला शिकवणार नाही. माझी बाजूही घेऊ नकोस. दिवाळीत जेवताना जे पाहिलंस, तेवढंच सांग.

ते सांगितलंस तर चिमीला घेऊन ये. इथे एकच खोली आहे, पण म्हातारी कुणाला परत पाठवत नाही. दादाला वाचवायचं ठरवलंस तरी मी तुला शाप देणार नाही, तू माझी मुलगी आहेस. मात्र मग येऊ नकोस. आलीस तर दार उघडेन, पण तुला जेवायला वाढणार नाही.

जावईबापूंना नमस्कार, चिमीला पापा.

तुझी शुद्धीवर असलेली,
आई